हेर्मान श्वार्त्से आणि कानामागचं हाड

कर्णधार

1791 साली कोपनहेगनमध्ये डेन्मार्कच्या राजाचा वैद्य योहान युस्टुस फॉन बेर्गर याने स्वतःच्या कानामागच्या हाडाला भोक पाडून घेतलं. ऐकू कमी येत होतं, कानात सतत आवाज होत होते, त्यावर हाच उपाय असं त्याने मनाशी घेतलं होतं. थोड्याच दिवसांत मेंदूच्या आवरणाला सूज येऊन तो गेला. साधासुधा माणूस असता तर चार लोक हळहळले असते. राजवैद्यच गेला म्हटल्यावर युरोपभर बोभाटा झाला आणि ती शस्त्रक्रिया वाळीत पडली. त्याआधी पॅरिसच्या झाँ-लुई पेतीने कानामागे साठलेला पू हाड उघडून काढला होता. 1776 मध्ये यासर नावाच्या प्रशियन लष्करी सर्जनने एका सैनिकावर तेच केलं होतं. बेर्गरच्या बोभाट्यात ही दोन्ही उदाहरणं वाहून गेली.

ती शस्त्रक्रिया पुन्हा माणसात आणली जर्मनीतल्या हालेच्या कानाच्या डॉक्टरने, हेर्मान श्वार्त्सेने, त्याच्यावर हा धागा.

आधी थोडं हाडाबद्दल. पाळीमागे बोट लावलं की जो टणक उंचवटा लागतो ते मॅस्टॉइड. आतून भरीव नाही, मधाच्या पोळ्यासारखं पोकळ्यापोकळ्यांचं. या पोकळ्या एका अरुंद वाटेने पडद्यामागच्या मधल्या कानाशी जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे पू झाला की या हाडात शिरतो. वरच्या अंगाला मेंदू, मागे मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर, पुढे चेहरा हलवणारी नस, आणि मध्ये हाडाचे पातळ पापुद्रे. पू कुठल्या बाजूने फुटतो यावर माणसाचं जगणं-मरणं ठरायचं. बाहेरच्या अंगाला फुटला तर कानामागे गळू व्हायचं, म्हणजे नशीब चांगलं. आत फुटला तर ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि घरचे लोक पुढच्या तयारीला लागायचे.

श्वार्त्से 1837 चा, पोमेरेनियातला. बर्लिन आणि व्युर्त्सबुर्गला वैद्यक शिकला. त्या काळी हुशार पोराने कानाकडे वळणं म्हणजे हाताने आपल्या पायावर धोंडा. डोळ्यांची चलती होती. हेल्महोल्ट्झच्या उपकरणामुळे 1851 पासून जिवंत माणसाच्या डोळ्याचं तळ दिसायला लागलं होतं, बर्लिनमध्ये ग्रेफेकडे देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येत होते. कान मात्र तेल, थेंब, पिचकारी आणि भोंदूंच्या हवाली. पेशंटला खिडकीशी बसवायचं, ऊन असेल तर आत बघायचं. आभाळ आलं की तपासणी उद्यावर.

व्युर्त्सबुर्गला त्याला आंटोन फॉन ट्रोल्च भेटला. हा गडी सुरुवातीला कायदा शिकत होता. तो सोडून वैद्यकात आला, मग डोळ्यांचं शिकला, आणि डब्लिनच्या विल्यम वाइल्ड व लंडनच्या जोसेफ टॉयन्बी यांच्याकडे कान बघून आला. 1855 मध्ये पॅरिसमधल्या जर्मन डॉक्टरांच्या बैठकीत त्याने मधोमध भोक असलेला अंतर्वक्र आरसा दाखवला. आरशाने उजेड कानात टाकायचा आणि त्याच भोकातून बघायचं, म्हणजे नजर आणि उजेड एका रेषेत. आपल्याकडच्या कान-नाक-घसावाल्यांच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेला जो गोल आरसा असायचा, तो याच वंशातला.

1863 मध्ये श्वार्त्से हालेला आला आणि शेवटपर्यंत हालेचाच राहिला. पुढच्याच वर्षी ट्रोल्च, व्हिएन्नाचा आडाम पोलिट्झर आणि हा, असं त्रिकूट जमून 'आर्खिव्ह फ्युर ओरेनहाइलकुंड' निघालं. फक्त कानाला वाहिलेलं ते पहिलं नियतकालिक. नाव बदलून ते आजही चालू आहे. 1868 मध्ये पडद्याला बारीक छेद देऊन मागचा पू वाहता करण्यावर त्याने पुस्तक लिहिलं. आणि 1873 मध्ये आडोल्फ आयझेलबरोबर तो प्रसिद्ध लेख: कानामागचं हाड शस्त्राने उघडण्याविषयी.

माझ्या मते त्या लेखाचा जीव छिन्नी-हातोडीत नाही. हाड कधी उघडायचं हे त्यात मांडलंय, खरी ताकद तिथे आहे. कानामागे सूज, दुखणं, ताप, आणि नुसतं कातडं कापून भागत नाही. वरचेवर गळू होतंय. पू आतच कोंडून मेंदूकडे निघाल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी थांबायचं नाही, हाड उघडायचं. बहिरेपणा किंवा कानातले आवाज या यादीत नाहीत, म्हणजे बेर्गर श्वार्त्सेकडे आला असता तर त्याला तसाच परत पाठवला असता. पुढची कित्येक वर्षं तो आपल्या केसेसचे वृत्तांत आर्खिव्हमध्ये छापत राहिला, दगावलेल्यांसकट. ऐंशी वर्षं आधीच्या एका मृत्यूने बदनाम झालेली गोष्ट अशी हिशेब मांडूनच सुधारता येते.

---

उगाच_प्रश्न

वाचतोय. दोन शंका. बेर्गरला पू नव्हताच का? आणि छिन्नी-हातोडीच का? डोक्याच्या हाडावर हातोडी मारणं ऐकूनच दातखीळ बसली. गिरमिटाने नाजूक भोक पाडता आलं नसतं का?

---

कर्णधार

बेर्गरची तक्रार बहिरेपणाची आणि आवाजांची होती. निचरा करण्यासारखं काही नसताना निरोगी हाड उघडून आत घाण शिरायला वाट केली गेली.

गिरमिटाचंच तर भय होतं. आधीच्यांपैकी काहींनी तसलीच हत्यारं वापरली होती. गिरमिट आंधळं असतं. टोक आत कुठवर गेलं ते दिसत नाही, आणि हाडाची जाडी माणसागणिक वेगळी. कोणाची ती मोठी शीर एवढी पुढे असते की चार-दोन मिलिमीटरची चूक पुरेशी. श्वार्त्सेने बाहेरून रुंद सुरुवात केली. छिन्नीने पातळ कपच्या काढत काढत वरून पसरट आणि आत अरुंद होत जाणारा खड्डा करायचा, म्हणजे तळ सतत नजरेसमोर राहतो. हातोडीही हलक्या हाताची.

---

कानसेन

याच विषयात दिवस जातात, म्हणून राहवलं नाही. धागा आवडला.

कर्णधार यांनी लिहिलेला 'वरून पसरट, आत अरुंद' खड्डा आजही तसाच करतात. छिन्नीच्या जागी विजेवर फिरणारं, हाड घासणारं बारीक टोक (बर) आलं, डोळ्यासमोर मायक्रोस्कोप आला आणि हाड घासताना सतत पाणी सोडतात, एवढाच फरक. आम्ही जिला कॉर्टिकल मॅस्टॉइडेक्टमी म्हणतो तिला जुन्या पुस्तकांत श्वार्त्सेचं ऑपरेशन म्हटलेलं सापडतं. परीक्षेत त्याचं नाव आणखी एका ठिकाणी भेटतं. ऐकण्याच्या हाडांतलं शेवटचं हाड जखडत जाण्याचा एक आजार आहे. तो जोरात असताना शाबूत पडद्यातून मागे गुलाबी झाक दिसते, ती श्वार्त्सेची खूण. तोंडी परीक्षेला हमखास विचारतात, प्रत्यक्षात क्वचित दिसते.

चेहऱ्याच्या नसेबद्दल थोडं. ती या हाडातूनच वळसा घेऊन जाते. छिन्नीच्या काळात मदतनीसाला पेशंटच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायला सांगत. गालाचा किंवा ओठाचा कोपरा जरा फडफडला की त्याने ओरडायचं आणि सर्जनने हात थांबवायचा. आता त्यासाठी मॉनिटर आहे, नसेला धक्का लागला की पीं वाजतं. काम तेच.

---

टिवल्याबावल्या

जरा काडी टाकतो. श्वार्त्सेला फार चढवलाय. 1846-47 मध्ये भूल द्यायला ईथर आणि क्लोरोफॉर्म आले, 1867 मध्ये लिस्टरने जंतू मारायला कार्बोलिक आणलं. त्यानंतर पोट, सांधे, डोकं, सगळ्याच शस्त्रक्रिया चालायला लागल्या, कानाचीही चालली. जर्मनीत लिस्टरची पद्धत आधी उचलून धरणारा रिखार्ड फॉन फोल्कमान तर त्याच हालेत सर्जरीचा प्रोफेसर होता. मग यात श्वार्त्सेचं कर्तृत्व ते काय? शिवाय त्याच्या बारा वर्षं आधी, 1861 मध्ये, ट्रोल्चनेच हाड उघडून पू काढला होता की.

---

कर्णधार

काडी चांगली आहे.

क्लोरोफॉर्म नसता तर छिन्नीने सावकाश कपच्या काढणं शक्यच नव्हतं, हे शंभर टक्के मान्य. फोल्कमानच्या गावात राहिल्याचा फायदा नसेलच झाला असंही म्हणणार नाही. पण बेर्गरच्या जागी कार्बोलिकने धुतलेली हत्यारं ठेवा. बेर्गर कदाचित जगला असता, बहिरा मात्र तसाच राहिला असता. मग दुसऱ्या बहिऱ्याचं हाड फोडलं असतं, मग तिसऱ्याचं. जंतू आटोक्यात आले म्हणून नको ती शस्त्रक्रिया हवी होत नाही.

ट्रोल्चची 1861 ची केस खरीच. श्वार्त्सेनेही गुरूचं श्रेय नाकारलेलं नाही. पण एका पेशंटवर जमणं आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरला लेख वाचून 'हा पेशंट उघडायचा, हा नाही' हे कळणं यांत फरक आहे. आरशाचंही तेच झालं. बुर्गश्टाइनफुर्ट नावाच्या लहान गावातल्या फ्रीडरिख होफमानने 1841 मध्ये भोकाचा आरसा कानासाठी वापरला होता आणि त्यावर लिहिलंही होतं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. ट्रोल्चने तोच प्रकार पॅरिसमध्ये दाखवला, पुस्तकात घातला, विद्यार्थ्यांच्या हातात दिला, आणि मग तो सगळीकडे गेला.

---

टिवल्याबावल्या

अर्धा पटलो. बाकी अर्ध्याचं पुढे बघू.

---

आजोळची_वाट

हे सगळं वाचून आमची मोठी मावशी आठवली. साताऱ्याकडचं खेडं. तिचा एक कान लहानपणापासून वाहायचा. पावसाळ्यात जास्त, सर्दी झाली की आणखी. आजी लसूण घालून कडकवलेलं तेल कोमट करून सोडायची, वर कापसाचा बोळा. "कान फुटलेला बरा, घाण निघून जाते" हे तिचं ठरलेलं वाक्य. पन्नाशीला आल्यावर मावशीला चक्कर यायला लागली, तोंड एका बाजूला किंचित वाकडं झालं, तेव्हा शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, कानातलं हाड कुजलंय. ऑपरेशन झालं, चक्कर गेली, तोंडही बऱ्यापैकी सुधारलं, त्या कानाने ऐकू मात्र कायमचं कमी राहिलं. आजीच्या बोलण्यात काही तथ्य होतं का?

---

कानसेन

@आजोळची_वाट, अर्धं तथ्य होतं.

लहान मुलाला सर्दीनंतर कानात मरणाचं दुखतं, रात्रभर रडतं, पहाटे उशीवर पिवळा डाग दिसतो आणि पोर शांत झोपलेलं असतं. पडदा फुटून पू बाहेर आला, दाब गेला, कळ थांबली. आजीने हे दहा नातवंडांत पाहिलेलं असणार. श्वार्त्सेचं 1868 चं पुस्तक याच गोष्टीवर आहे: पडदा आपोआप कुठेही फाटण्याची वाट बघू नका, योग्य जागी बारीक छेद द्या. असे छेद आणि ताज्या आजारात फुटलेले पडदे बहुतेक वेळा आपले आपण भरून येतात.

उरलेलं अर्धं मात्र घातक. वर्षानुवर्षं वाहणारा कान म्हणजे घाण निघून जाणं नव्हे, आत घाण तयार होतेय. 'हाड कुजलंय' असं आम्ही पेशंटला सांगतो तेव्हा बहुतेकदा पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी झालेली असते. पिशवीत मेलेल्या कातडीचे थर साठत जातात आणि ती आजूबाजूचं हाड खात सुटते. मावशींची चक्कर म्हणजे तोल सांभाळणाऱ्या नळीचं हाड खाल्लं गेलं असणार, तोंड वाकडं म्हणजे नसेपर्यंत पोचलं असणार. अशा कानाला वास येतो. थोडाच पू आणि घाण वास असेल तर दुखत नसलं तरी दाखवा. आणि फुटलेल्या कानात तेल नको, लसणाचं नको, कसलंच नको.

याला श्वार्त्सेचं साधं ऑपरेशन पुरत नाही. हाडाचा खड्डा आणि कानाची नळी यांमधली भिंत काढून सगळं एकत्र करावं लागतं. ते 1890 च्या आसपास प्रागचा त्सौफाल आणि एरफुर्टचा लुडविग श्टाके यांनी रुळवलं. श्टाके श्वार्त्सेचाच चेला. जीव वाचायचा, ऐकू येण्यावर बहुधा पाणी सोडावं लागायचं.

---

पुस्तकी_किडा

ट्रोल्च ज्याच्याकडे डब्लिनला गेला त्या विल्यम वाइल्डचं नाव वाचून थबकलो. हाच ना तो, ऑस्कर वाइल्डचा बाप?

---

कर्णधार

हो, तोच. डब्लिनचा नामांकित कान-डोळेवाला. कानामागे सूज आली की कातडं थेट हाडापर्यंत कापून पू मोकळा करायचा, त्या छेदाला वाइल्डचं नाव आहे. तो हाडाशी थांबायचा, श्वार्त्से हाडात शिरला. लेखात 'नुसतं कातडं कापून भागत नाही तेव्हा' असं लिहिलंय ना, त्याचा रोख या छेदाकडे.

दैवदुर्विलास असा की ऑस्करचाच कान बिघडला. ऑक्टोबर 1900 मध्ये पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीत त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि 30 नोव्हेंबरला तो गेला. डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाचा दाह लिहिला. कारण कानच होता का, यावर डॉक्टर मंडळी अजून भांडतात. मला कानाचीच बाजू पटते.

---

निवांत_बसा

धाग्याची वाचनखूण साठवली. एक वैयक्तिक प्रश्न. मला वर्षभरापासून डाव्या कानात कुईंऽऽ असा आवाज येतो. रात्री फार त्रास. हाड उघडून उपयोग नाही हे कळलं. मग करायचं काय?

---

कानसेन

धाग्यावर औषध देणार नाही, रागावू नका. एकाच कानात आवाज असेल तर ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओग्राम, करून घ्याच. टाळू नका. बऱ्याच जणांत कारण साधं निघतं.

स्वतःवर प्रयोग मात्र करू नका. वर टॉयन्बीचं नाव आलंय. हजारांच्या घरात मृतांचे कान उघडून बघितलेला माणूस, लंडनमधला आपल्या काळचा सगळ्यात मोठा कानवाला. कानातल्या आवाजावर क्लोरोफॉर्मची वाफ चालते का हे पाहायला 1866 मध्ये आपल्याच खोलीत हुंगत बसला आणि तिथेच मेला.

---

र्‍हाइनकाठची

इथे जर्मनीत राहते, नवरा याच धंद्यातला, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर कान असतोच. दोन गोष्टींची भर.

एक, मानमरातबाची. हालेचं विद्यापीठाचं कानाचं क्लिनिक 1884 मध्ये उघडलं, जर्मनीत तसं पहिलं. त्याआधी वीस वर्षं श्वार्त्से पेशंट बघत होता, शिकवत होता, मोठी शस्त्रक्रिया उभी करत होता. तरी पूर्ण प्राध्यापक व्हायला म्हातारपण उजाडलं. विद्यापीठांच्या लेखी कान हे सर्जरीचं शेपूट होतं. विषयाला स्वतंत्र पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते 1901 मध्ये रोस्टॉकला, ओटो क्योर्नरला. तोवर ट्रोल्च जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दुसरी व्युर्त्सबुर्गची. ट्रोल्चच्या त्याच गावात 1955 मध्ये होर्स्ट वुलश्टाइन प्रोफेसर म्हणून आला. मधल्या कानाची फेररचना, म्हणजे नवा पडदा बसवून हाडांची साखळी जोडणं, हे त्सोलनर आणि वुलश्टाइन या दोघांनी 1950 नंतर नीट बसवलं. श्वार्त्से-श्टाकेंनी जीव वाचवताना सोडून दिलेलं ऐकणं यांनी परत मागायला सुरुवात केली. मध्ये पेनिसिलिन आलं म्हणून हे जमलं. पू आटोक्यात आल्यावर ऐकण्याचा विचार करायला उसंत मिळाली.

---

टिवल्याबावल्या

व्हिएन्नाला पोलिट्झर आणि ग्रुबरचं क्लिनिक 1873 चं ना? मग हाले पहिलं कसं?

---

र्‍हाइनकाठची

जर्मनीतलं पहिलं म्हटलंय हो. व्हिएन्ना ऑस्ट्रियात. नवऱ्याला हे दाखवलं तर तोही तुमच्याच बाजूने वाद घालेल, मूळचा ग्राझचा आहे. (हलके घ्या.)

---

उगाच_प्रश्न

शेवटची शंका. प्रतिजैविकं आल्यावर कानामागचं हाड फोडायची वेळ किती जणांवर येते? श्वार्त्से आता इतिहासजमा?

---

कानसेन

ताज्या आजारात पू हाडात उतरलेला पेशंट खूप कमी झाला. तरी येतोच: कान पुढे ढकललेला, पाळीमागची घडी सुजून भरलेली, पोर मान वळवू देत नाही. बहुतेकदा औषधाचा कोर्स दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून अर्धा सोडलेला असतो. कुजलेल्या हाडाचे तर ऑपरेशनच्या यादीत कायमच असतात.

पण आज बरेच मॅस्टॉइड पू नसलेले उघडले जातात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला विजेचे इशारे देणारं यंत्र, बसवताना आतल्या कानापर्यंत जायची नेहमीची वाट याच हाडातून आहे. आधी हाच खड्डा, मग चेहऱ्याची नस आणि चवीची बारीक नस यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून इलेक्ट्रोड सरकवायचा. आपल्याकडे लहान मुलांना सरकारी योजनेतून हे मिळतं. वयाची अट असते, म्हणून बाळ आवाजाला दचकत नसेल तर 'उशिरा बोलतात आमच्यात' असं म्हणत बसू नका.

---

टिवल्याबावल्या

म्हणजे बहिरेपणासाठी हाड उघडणं यादीत आलंच की शेवटी! बेर्गर अगदीच वेडा नव्हता म्हणायचा.

---

कर्णधार

बेर्गरच्या हाडातून आत घालायला त्यांच्याकडे काही नव्हतं. वेडा नव्हता, दोनशे वर्षं लवकर आला. पोलिट्झरवर वेगळा धागा काढतो, तुमची काडी तिथे राखून ठेवा.